जनगणनेत दादी सापडत नाही

गेल्या ईदला इंग्लंडात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याचा फोन आला. ईद मुबारक झाले, मुलाबाळांची चौकशी झाली आणि मग त्याने विचारले, "चाचा, आपल्या पडदादांचा १९२१च्या जनगणनेचा कागद कुठे मिळेल?" त्याच्या ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याने आपल्या पणजोबाचा तसा कागद घरबसल्या मिळवला होता. घरात कोण कोण राहत होते, कोणाचे वय काय, कोण कुठे कामाला होते, सगळे त्यात होते आणि खाली पणजोबाची सही होती. पुतण्याचा हिशेब सरळ होता. त्याच साली इंग्रजांनी आपल्याकडेही जनगणना केली होती, म्हणजे आपलाही कागद कुठेतरी असणारच.

"नाही मिळणार, बेटा," मी म्हणालो. "पण का?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर देता आले नाही. ते इथे देतो, कारण हा फक्त एका कुटुंबाच्या हौसेचा प्रश्न उरलेला नाही. पुढच्या जनगणनेची तयारी सुरू आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे. मोहल्ल्यात त्याबद्दल कुजबूज आहे, भीती आहे आणि बराच गैरसमज आहे.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत प्रगणक म्हणून दारोदार फिरलो. २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री एसटी स्टँडवर झोपलेल्या बेघर माणसांना उठवून त्यांची नावे लिहिली. त्या माणसांची दुसरी नोंद कुठे असेल असे वाटत नाही. आणि मी लिहिलेली ती नोंदही त्यांच्या नातवंडांना कधी बघायला मिळणार नाही.

कागद का मिळत नाही

ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरोघरचे कागद शंभर वर्षे बंद ठेवतात आणि नंतर लोकांसाठी खुले करतात. तिथला १९२१चा संच जानेवारी २०२२मध्ये खुला झाला. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे आणि १९५०चे कागद तिथे १ एप्रिल २०२२ला खुले झाले. त्यामुळे तिकडे कोणीही आपले घराणे शोधायला बसला की पहिल्यांदा जनगणनाच उघडतो.

आपल्याकडे पहिली जनगणना १८७२च्या सुमारास झाली आणि १८८१पासून दर दहा वर्षांनी ती होत राहिली. पण इंग्रज सरकारला इथे माणसे नको होती, आकडे हवे होते. अमुक जिल्ह्यात किती हिंदू, किती मुसलमान, किती साक्षर, किती विधवा. हे तक्ते बांधून झाले की घरोघरच्या कागदांचे काम संपले. ते जपून ठेवले गेले नाहीत. उरले ते जाडजूड अहवाल, आणि त्यात कोणाच्याही दादा-दादीचे नाव नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे. ब्रिटनच्या जुन्या जनगणनेत बंदरात नांगरलेल्या जहाजांवरच्या माणसांचीही नोंद होत असे. रत्नागिरीकडचे आपले कितीतरी कोकणी मुसलमान विलायती आगबोटींवर खलाशी होते. त्यांपैकी एखादा त्या रात्री लंडनच्या गोदीत असेल, तर वेड्यावाकड्या स्पेलिंगात का होईना, त्याचे नाव तिथे सापडण्याची शक्यता आहे. गावात राहिलेल्या त्याच्या बायकोचे नाव सापडण्याची शक्यता मात्र शून्य आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८चा जनगणना कायदा आला. त्याच्या कलम १५नुसार जनगणनेतल्या नोंदी बघण्याचा हक्क कोणालाही नाही आणि कोर्टात त्या पुरावा म्हणून चालत नाहीत. तुमच्या स्वतःच्या कुटुंबाची नोंदसुद्धा तुम्हाला मागता येत नाही.

मग जुन्या जनगणनेचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण तो नाव शोधण्याचा नाही. घरात ऐकलेल्या गोष्टी ताडून बघण्याचा आहे.

आमच्या घरात एक वाक्य सगळ्यांना पाठ होते, "मानमोडीत निम्मं घर गेलं." दादीने सांगितलेली ही गोष्ट लहानपणी आम्हाला अतिशयोक्ती वाटायची. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. पुढे १९११ आणि १९२१चे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कळले की त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती. जनगणनेच्या इतिहासात असे तेव्हाच झाले. मुंबई इलाखा त्या साथीत फार होरपळला होता. दादीची गोष्ट खरी होती.

तसेच जातीचे. "मुसलमानांत जात नसते" हे आपण तकरीरीत ऐकतो, आणि धर्म म्हणून ते बरोबरही आहे. पण १९०१ची मुंबई इलाख्याची जनगणना, किंवा १८८५चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर उघडा. अत्तार, बागवान, कसाब, पिंजारी अशा आपल्या बिरादऱ्या त्यांत धंद्यासह नोंदलेल्या आहेत. आपण कोण होतो, काय विकत होतो, याचा हा लेखी माग आहे. सगळ्या जातींची शेवटची मोजणी १९३१मध्ये झाली, त्यानंतर झाली नाही. आता २०२७मध्ये ती पुन्हा होणार आहे.

एका "मुलगी"ची नोंद

माझ्या मुलीच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी हा सगळा विषय माझ्या घरात आला. आम्ही बागवान. महाराष्ट्रात बागवान इतर मागासवर्गात येतात. पण दाखला हवा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा लागतो. मी अब्बांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर काढून घेतले. जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिले होते, "मुसलमान". जन्मतारीख अर्थातच १ जून. कार्यालयातल्या कारकुनाने कागद परत केला. म्हणाला, "मुसलमान हा धर्म झाला. जातीचा पुरावा आणा." त्याचे म्हणणे चूक नव्हते. दोष त्या एका शब्दाचा होता, आणि तो शब्द आपल्या हजारो घरांच्या दाखल्यांवर आहे.

दादा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी कोणीतरी सांगितले, कोतवाल बुक बघा. गाव नमुना नंबर १४, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. काही वर्षांच्या वह्या गहाळ होत्या, काहींची पाने हात लावताच तुटत होती, काही मोडीत होत्या. मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला. चार खेपांनंतर एक ओळ सापडली. बापाचे नाव आमच्या दादांचे. जात, बागवान. मुलाच्या नावाच्या जागी फक्त "मुलगी".

अब्बांच्या आधी दादीला एक मुलगी झाली होती आणि ती काही महिन्यांतच गेली, एवढेच घरात सांगत. तिचे नाव काय ठेवले होते हे आता कोणालाही माहीत नाही. त्या नाव नसलेल्या फुफीच्या नोंदीवर माझ्या मुलीला दाखला मिळाला, प्रवेश मिळाला. आज ती नोकरी करते.

त्यानंतर मी आमचा शजरा काढून पाहिला. सात पिढ्यांचा आहे. वडिलांनी फार जपला होता. त्यात सात पिढ्यांतले पुरुष आहेत आणि एकही बाई नाही. दादीचेही नाव नाही. ज्यांना सरकारने लिहिले नाही त्यांना आपणही लिहिले नाही. सरकारला दोष देताना हे आधी कबूल केले पाहिजे.

बायकांची नावे जुन्या कागदांत सापडतात ती बहुधा फेरफारात. शरीअतप्रमाणे मुलीला वाटा आहे, म्हणून वारस नोंदीत बहिणींची नावे लागतात. आणि पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोड होते. म्हणजे दादी आणि फुफीच्या पिढीतली बाई कागदावर येते ती पुष्कळदा आपला हक्क सोडण्यासाठी. ज्याला आपल्या घराण्याचा इतिहास लिहायचा आहे, त्याने ही पाने वगळू नयेत.

आसामने शिकवलेला धडा

एक काळ असा होता की मी म्हणत असे, आपल्याकडेही ब्रिटनसारखे करा. कागद जपा आणि शंभर वर्षांनी खुले करा. इतिहासाच्या शिक्षकाला असे वाटणे साहजिक आहे. आसाममध्ये जे घडले ते वाचल्यावर माझे मत बदलले.

आसाममध्ये १९५१च्या जनगणनेतल्या नोंदींवरून राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार केली गेली होती. तीच नोंदवही जवळजवळ सत्तर वर्षांनी बाहेर आली. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली नवी यादी करताना प्रत्येक माणसाला सांगितले गेले, तुमचे किंवा तुमच्या पूर्वजाचे नाव १९५१च्या नोंदवहीत किंवा २४ मार्च १९७१पर्यंतच्या मतदारयादीत किंवा तेव्हाच्या अन्य कागदात दाखवा, आणि त्या पूर्वजाशी आपले नाते सिद्ध करा. वंशावळ म्हणजे छंद राहिला नाही, ती परीक्षा झाली. ३१ ऑगस्ट २०१९ला अंतिम यादी लागली, तेव्हा १९ लाखांहून अधिक लोक बाहेर होते. त्यांत मुसलमान होते आणि हिंदूही होते. कुठे दादाच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे होते, कुठे दोन भावांनी वयांचा वेगवेगळा आकडा दिला होता.

सगळ्यात जास्त हाल विवाहित बायकांचे झाले. शाळेत गेल्या नाहीत म्हणून शाळेचा दाखला नाही. घरी जन्मल्या म्हणून जन्माचा दाखला नाही. लग्नानंतर गाव बदलले, मतदारयादीत नवऱ्याचे नाव लागले. "मी अमुक बापाची मुलगी" हे सिद्ध करायला त्यांच्याकडे ग्रामपंचायतीचे एक पत्र होते. ते पत्र चालेल की नाही यासाठी लढा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या शजऱ्यात मुलींना जागा नसते याची किंमत काय असते, ते तिथे दिसले.

जनगणनेची माहिती सरकार कशी वापरू शकते याचे दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबले गेले. ते कोणत्या वस्तीत किती राहतात याचे आकडे तिथल्या जनगणना खात्याने पुरवले होते. त्यातले बहुसंख्य लोक अमेरिकेचेच नागरिक होते. दोन वर्षांपूर्वी प्रगणक दारात आला तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे उत्तरे दिली होती.

म्हणून आज माझे मत असे आहे. जिथे दादाच्या कागदावरून नातवाचे नागरिकत्व ठरवले जाऊ शकते, तिथे जनगणनेच्या कागदाला कुलूप असलेलेच बरे. कलम १५ पुतण्याची निराशा करते, पण त्याच्या गावातल्या भावंडांचे रक्षणही तेच करते. वंशावळ शोधायला दुसरे मार्ग आहेत. तुटलेला विश्वास सांधायला दुसरा मार्ग नाही.

बहिष्कार नको

मग काही जण म्हणतात, जनगणनेलाच उत्तर देऊ नका. हे मला अजिबात मान्य नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. जनगणना १९४८च्या जनगणना कायद्याखाली होते आणि तिच्या नोंदी गोपनीय असतात. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही नागरिकत्वाच्या कायद्यातून आणि त्याच्या २००३च्या नियमांतून येते, तिला हे कुलूप नाही. २०२०मध्ये घरयादीच्या कामाबरोबरच ही नोंदवही अद्ययावत करायचे ठरले होते आणि आई-वडिलांचा जन्म कुठे व कधी झाला हा प्रश्न तीत येणार असल्याने लोक बिथरले. दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातात दिली की दारातल्या बाईला फरक कसा कळणार? मी प्रगणक होतो, म्हणून सांगतो. प्रगणकाची सगळी पुंजी म्हणजे समोरच्याचा विश्वास. ती एकदा गेली की माणसे वयापासून कमाईपर्यंत सगळे चुकीचे सांगतात. सरकारने स्पष्ट आणि लेखी सांगितले पाहिजे की जनगणनेत दिलेली माहिती नागरिकत्व तपासण्यासाठी वापरली जाणार नाही. ही मागणी आपण सनदशीर मार्गाने, सर्व समाजांना बरोबर घेऊन केली पाहिजे.

पण मोजणीपासून पळणे हा उपाय नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमानांचे मागासलेपण देशासमोर ठेवले, ते कशाच्या जोरावर? २००१च्या जनगणनेचे आकडे त्या अहवालाच्या पायाशी होते. कोणी भाषणात रडले म्हणून ते मान्य झाले नाही. शाळा, दवाखाना, वस्तीतले नळ, सगळे आकड्यांवर ठरते. जो मोजला जात नाही त्याच्या वाट्याला काही येत नाही.

आपण काय करू शकतो

प्रगणक घरी येईल तेव्हा तीन उत्तरे नीट द्या.

पहिले उत्तर बायकांच्या नावांचे. २०११मध्येही मला दारातून आवाज यायचा, "लिहा ना, शेखसाहेबांची बीवी." देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून नोंदल्या गेलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून काढावी लागली होती. त्या सर्व धर्मांच्या होत्या. पाऊणशे वर्षे झाली. आता तरी घरातल्या प्रत्येक बाईने आपले पूर्ण नाव स्वतः सांगावे, सगळ्या कागदांवर एकसारखे.

दुसरे, जातीचे. जी बिरादरी आहे ती सांगा. बागवान असाल तर बागवान, पिंजारी असाल तर पिंजारी. जात सांगणे म्हणजे जात मानणे नव्हे. आजार लपवून तो बरा होत नाही. "मुसलमान" एवढेच लिहिले की पुढच्या पिढीचे काय होते, ते मी भोगले आहे.

तिसरे, मातृभाषेचे. पुष्कळ घरांत विचार न करता "उर्दू" सांगतात. ज्यांची उर्दू आहे त्यांनी जरूर सांगावी. पण जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. तुमची आई दखनी बोलत असेल, कोकणी बोलत असेल किंवा मराठी, तर तेच सांगा. आईची भाषा लपवण्यात कसली इज्जत?

आणि सरकारी कागदाची वाट न बघता घरची वही सुरू करा. जुन्या निकाहनाम्यांच्या काझीकडच्या नोंदी, कब्रस्तानाची रजिस्टरे, शाळेची जनरल रजिस्टरे, सातबारा आणि फेरफार, कोतवाल बुक, यांच्या नकला वेळीच काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना बोलते करा. सासर-माहेर दोन्हीकडची माणसे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

या कामात आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू शिकलेल्या मुलामुलींना मोठे स्थान आहे. २०२३मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामाच्या काळातले कागद उर्दू-फारसीत निघाले. ते वाचणारी माणसे शोधावी लागली. इकडे माझ्या मुलीचा पुरावा मोडीत होता आणि तो एका ब्राह्मण निवृत्त गुरुजींनी वाचून दिला. तिकडे मराठा शेतकऱ्याच्या पोराचा पुरावा उर्दूत होता. या मातीत आपण एकमेकांचे कागद किती काळ सांभाळत आलो आहोत, हे यावरून समजावे. ही जुनी दप्तरे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांचे स्कॅनिंग होऊन ती सगळ्यांना गावातच बघायला मिळाली पाहिजेत. ही मागणी कोणा एका समाजाची नाही.

पुतण्याला मी शेवटी एवढेच कळवले की पडदादांचा कागद मिळणार नाही, पण तुझ्या अम्मीला फोन करून तिच्या आईचे, आजीचे, त्यांच्या बहिणींचे नाव विचारून घे आणि लिहून पाठव. मीही वही घातली आहे. शजऱ्याची नवी प्रत आहे. तिच्यात दादीचे नाव आले, अम्मीचे आले, बहिणींचे आणि मुलींचे आले. दादा-दादीच्या खाली पहिल्या अपत्याच्या जागी नाव लिहिता आले नाही. तिथे कोतवाल बुकात होते तसेच लिहिले आहे, "मुलगी". ती जागा मी रिकामी सोडली नाही.